हिंगोलीचे ऊन आणि युरोपचे धोरण

शेतीपंपाच्या विजेचे वेळापत्रक हा मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या आयुष्याचा एक भाग होऊन बसला आहे. आठवड्याचे काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, अशा पाळ्यांनी थ्री फेज वीज येते. रात्रीची पाळी असेल तर औंढ्याच्या वा सेनगावच्या माळावरचा शेतकरी बॅटरी घेऊन अकरा-बाराला बांधावर जातो. गव्हाला पाणी देताना पायाखाली काय आहे ते दिसत नाही. साप चावून, उघड्या तारेला हात लागून माणसे गेल्याच्या बातम्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन ओळींत येतात आणि विसरल्या जातात. याच औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळ्याच्या परिसरात, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेली एक प्रयोगशाळा उभी राहणार आहे. अब्जावधी वर्षांपूर्वी झालेल्या ताऱ्यांच्या टकरींची स्पंदने ती टिपेल. केंद्र सरकारने २०२३ साली तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. विज्ञानाबद्दल आपल्या मनात आदरच आहे आणि ही प्रयोगशाळा आपल्या जिल्ह्यात येत आहे याचा अभिमानही आहे. परंतु विश्वाच्या टोकावरची हालचाल ऐकू येणाऱ्या देशाला बांधावरच्या माणसाला दिवसा वीज देणे इतकी वर्षे का जमले नाही, हा प्रश्न विचारला पाहिजे.

आता हे जमेल असे सांगितले जात आहे. राज्य शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ साली तिची दुसरी आवृत्ती काढली. उपकेंद्राच्या आसपास सौर प्रकल्प उभारावयाचे, तेथील वीज थेट शेतीच्या वाहिन्यांना द्यावयाची आणि अशा रीतीने १६,००० मेगावॅट क्षमता निर्माण करून शेतीला दिवसा वीज पुरवावयाची, अशी ही योजना आहे. योजनेचा हेतू चांगला आहे, तांत्रिक मांडणीही बरोबर आहे. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे एवढेच, की ऊर्जेचे धोरण केवळ तांत्रिक मांडणीवर ठरत नाही. ज्या ऊर्जेवर समाज चालतो तिची मालकी कोणाकडे, हा समाजवादी चळवळीचा पहिला प्रश्न असावयास हवा. आज जिल्ह्यात गावोगावी काचेच्या निळ्या पाट्या उभ्या राहत असताना हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांच्या बैठकांत निघत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

या संदर्भात युरोपचा अनुभव तपासून पाहण्याजोगा आहे. युरोपची नक्कल करावी म्हणून नव्हे. ज्या खंडाने दीडशे-दोनशे वर्षे कोळसा जाळून जगाचे हवामान बिघडविले त्याने आज हवामान-रक्षणाचे धडे द्यावेत यातला उपरोध आपल्याला कळतो. पण त्या खंडात कामगार चळवळ बलवान होती आणि तिच्या रेट्याने काही गोष्टी घडल्या, तिच्या गाफीलपणाने काही बिघडल्या. त्या दोन्ही आपल्या कामाच्या आहेत.

युरोपच्या एकीकरणाचा आरंभच मुळी ऊर्जेपासून झाला हे बहुधा विसरले जाते. दोन महायुद्धांच्या राखेतून उठताना फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली आणि बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग या सहा राष्ट्रांनी १९५१ साली कोळसा व पोलाद यांचे संयुक्त नियमन करणारा करार केला. ज्या वस्तूंवर तोफा ओतल्या जातात त्या एकाच राष्ट्राच्या हाती राहू नयेत, हा त्यामागचा विचार होता. १९५७ साली अणुऊर्जेसाठी असाच समुदाय स्थापन झाला. पुढे अर्धशतक लोटल्यावर हवामानाचा प्रश्न आला. २००५ साली कार्बन उत्सर्जनाच्या परवान्यांचा बाजार सुरू झाला, २०१९ च्या डिसेंबरात 'ग्रीन डील' जाहीर झाले आणि २०२१ साली १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जन किमान ५५ टक्क्यांनी घटविण्याचे व २०५० पर्यंत निव्वळ शून्यावर आणण्याचे बंधन कायद्याने घालून घेण्यात आले. कागदावर हे सर्व भव्य दिसते. प्रत्यक्षात या धोरणाचे यशापयश ब्रुसेल्सच्या कचेऱ्यांत ठरले नाही. ते डेन्मार्कच्या शेतांत, जर्मनीच्या खाणींत आणि फ्रान्सच्या रस्त्यांवरच्या चौकांत ठरले.

डेन्मार्कची कथा थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. १९७३ च्या तेलसंकटात हा लहानसा देश गारठून गेला, कारण त्याची जवळजवळ सर्व ऊर्जा आयात तेलावर होती. सरकारचा कल अणुशक्तीकडे होता. लोकांनी विरोध केला, पण नुसता विरोध करून ते थांबले नाहीत. ट्विंड येथील शिक्षक, विद्यार्थी आणि स्वयंसेवक यांनी स्वतःच्या हातांनी एक प्रचंड पवनचक्की बांधावयास घेतली आणि १९७८ साली ती फिरू लागली. गावोगावच्या शेतकऱ्यांनी व शिक्षकांनी वर्गणी काढून पवनचक्क्यांच्या सहकारी संस्था काढल्या. १९८५ साली तेथील संसदेने अणुशक्ती आपल्या योजनांतून वगळली. पुढे २००० साली कोपनहेगनच्या बंदराबाहेर, मिडलग्रुंडनच्या उथळ समुद्रात, वीस पवनचक्क्यांचा ४० मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला. त्याची निम्मी मालकी आठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेकडे होती. ज्याच्या घरासमोर पाते फिरते त्याचाच त्यात भाग असल्यामुळे पात्याचा आवाज त्याला फारसा खुपला नाही. वाऱ्याच्या विजेत हा चिमुकला देश जगाच्या पुढे गेला, त्याचे एक मोठे कारण या सामाजिक मालकीत आहे.

जर्मनीने २००० साली नवीकरणीय ऊर्जेचा कायदा केला. त्याच्या शिल्पकारांत सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे खासदार हेर्मान शेअर हे अग्रभागी होते. त्या कायद्याने छतावर पाट्या बसविणाऱ्या सामान्य माणसालाही वीस वर्षे निश्चित दराची हमी दिली आणि त्याची वीज घेण्याचे बंधन वीज कंपन्यांवर घातले. परिणाम असा झाला, की २०१२ च्या सुमारास जर्मनीतील नवीकरणीय क्षमतेपैकी जवळजवळ निम्मी मालकी व्यक्ती, शेतकरी आणि नागरिकांच्या संस्थांकडे होती. मोठ्या वीज कंपन्या मागे पडल्या. नंतर मात्र निश्चित दराऐवजी मोठ्या प्रकल्पांसाठी लिलावाची पद्धत आली. लिलावात कमीत कमी दर बोलणाऱ्याला काम मिळते आणि एक प्रकल्प बुडाला तरी दुसऱ्यावर भागविण्याची ऐपत केवळ मोठ्या भांडवलाकडे असते. नागरिकांच्या संस्था हळूहळू बाजूला पडल्या. कायद्यातला एक तांत्रिक वाटणारा बदल मालकीचे पारडे कसे फिरवितो, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही.

आता आपल्याकडे या. सौर कृषी वाहिनी योजनेतील बहुतेक प्रकल्प लिलावाच्याच मार्गाने दिले गेले. २०२४ च्या मार्चमध्ये ९००० मेगावॅटहून अधिक क्षमतेची इरादापत्रे दिली गेली, ती गावाला वा गावाच्या संस्थेला मिळालेली नाहीत. अनेक उपकेंद्रांचे गट करून निविदा निघाल्या की त्यात औंढ्याच्या शेतकऱ्यांची संस्था बोली कशी लावणार? तिच्याजवळ अनामत भरण्यापुरतेही भांडवल नसते. ज्या वळणावर जर्मनी पंधरा-सोळा वर्षांनी पोहोचला तेथूनच आपण प्रवासाला आरंभ केला.

येथे थोडा हिशेब मांडू. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा दाखविण्यास पुरेसा आहे. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प आपल्या भागातल्या उन्हात वर्षाला साधारण पंधरा लाख युनिट वीज देतो आणि त्याला सुमारे पाच एकर जमीन लागते. युनिटला तीन रुपये धरले तर वर्षाचे उत्पन्न पंचेचाळीस लाख रुपये होते आणि वीज घेण्याचा करार पंचवीस वर्षांचा असतो. आता या प्रकल्पात समाजाचे काय काय गुंतले आहे ते पाहा. केंद्राच्या कुसुम योजनेतून मेगावॅटमागे १ कोटी ५ लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. शासकीय जमीन असेल तर ती नाममात्र, वर्षाला एक रुपया भाड्याने मिळते. वीज विकत घेणारी महावितरण ही सार्वजनिक कंपनी आहे, म्हणजे गिऱ्हाईक शोधण्याचा धोकाही नाही. जमीन समाजाची, अनुदान समाजाचे, गिऱ्हाईक समाजाचे आणि ऊन तर कोणाच्याच बापाचे नाही. मालकी तेवढी कंपनीची. ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल पाच लाख रुपये लोकोपयोगी कामांसाठी दिले जातात. चौथ्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत गावाच्या हाती काय, याला योजनेत उत्तर नाही.

खाजगी जमिनीचा मालक त्यामानाने बरा सुटतो. त्याला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. कोरडवाहू सोयाबीनच्या हिशेबाने एकरी पन्नास हजार हे वाईट उत्पन्न नव्हे आणि ज्या शेतकऱ्याने खडकाळ माळ भाड्याने दिला त्याला आपण दोष देण्याचे कारण नाही. खरा प्रश्न गायरानाचा आहे.

मराठवाड्यात गायरान म्हणजे केवळ गुरे चारण्याची जमीन नव्हे. भूमिहीनांच्या लढ्याचा तो इतिहास आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले त्यांत मराठवाड्यातील दलित समाज हजारोंनी तुरुंगात गेला. त्यानंतर कितीतरी कुटुंबांनी गायरानाचे दगड वेचून, माती भरून दोन-चार एकर शेत केले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने घेतला खरा, परंतु तलाठ्याच्या दप्तरापर्यंत तो अनेक ठिकाणी पोहोचलाच नाही. आजही सातबाऱ्यावर सरकार आणि नांगरामागे भूमिहीन, अशी स्थिती गावोगाव आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणांविरुद्ध निकाल दिला तेव्हा भूमिहीनांना वेगळे ठेवण्याची वाट त्यात होती. अंमलबजावणीत मात्र पहिला बडगा झोपडीवर पडतो आणि धनदांडग्याचे कुंपण शेवटी हलते. हिंगोलीत तर कळमनुरी-औंढ्याच्या डोंगरपट्ट्यातले आंध आदिवासी, तांड्यांवरचे बंजारा, मेंढरे घेऊन फिरणारे धनगर, या सर्वांचे चुलीपासून शेळीपर्यंतचे जीवन या जमिनीला बांधलेले आहे. ऊसतोडीला गेलेले कुटुंब मार्च-एप्रिलमध्ये तांड्यावर परतते आणि आपण कसत असलेल्या तुकड्याभोवती तारेचे कुंपण पाहते, तेव्हा त्याला हवामानरक्षणाची भाषा कशी समजावून सांगणार?

स्वच्छ ऊर्जेच्या नावाने जमिनीचा अन्याय झाला तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. धुळे जिल्ह्यातील विखरण येथील एका ८४ वर्षांच्या शेतकऱ्याची पाच एकर जमीन सौर प्रकल्पासाठी घेतली गेली. मोबदला अन्यायकारक आहे म्हणून तो वृद्ध कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिला आणि जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात जाऊन त्याने विष घेतले. काही दिवसांनी त्याचा अंत झाला. कोळशाच्या खाणीने माणूस मारला तर आपण मोर्चा काढतो. सौर पाटीने मारला तर मौन पाळावयाचे काय?

तरीही 'हे सर्व भांडवलदारांचे कारस्थान आहे, म्हणून सौर प्रकल्पांना विरोध' अशी जी भूमिका आपल्यापैकी काही तरुण मित्र घेतात, ती प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. या जिल्ह्याला कोळशाच्या विजेची किंमत ठाऊक नाही असे समजू नये. आपल्याला सर्वांत जवळचे औष्णिक केंद्र परळीचे. १९७१ साली तेथे तीस मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला आणि मराठवाड्याच्या अनुशेषावरचा तो एक उतारा म्हणून त्याचे स्वागत झाले. पण औष्णिक केंद्र जसे कोळशावर चालते तसे पाण्यावरही चालते. २०१३ साली आणि पुन्हा २०१५ च्या जुलैत पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. ज्या प्रदेशात माणसाला प्यावयास पाणी पुरत नाही तेथे बॉयलरला पाणी पाजावयाचे, हे धोरण टिकणारे नव्हते. आणि दुष्काळाच्या पाठोपाठ पूर. १ व २ सप्टेंबर २०२४ च्या अतिवृष्टीत हिंगोली, परभणी, नांदेडची शेते वाहून गेली. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याने पुन्हा तेच भोगले. हवामानाचा बदल हा श्रीमंत देशांतला चर्चेचा विषय असेल. आपल्याकडे तो खरडून गेलेल्या जमिनीचा पंचनामा आहे.

म्हणून सूर्याच्या विजेला विरोध नको, तिच्या मालकीसाठी झगडा हवा.

मालकी म्हटले की सहकार आठवणे साहजिक आहे. येथे आपल्याला आपल्याच इतिहासाशी प्रामाणिक राहिले पाहिजे. वीजपुरवठ्यातला सहकाराचा मोठा प्रयोग महाराष्ट्रात झालेला आहे. श्रीरामपूर-राहुरीच्या पट्ट्यात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था १९७० च्या आसपास उभी राहिली आणि चार दशके तिने गावांना वीज वाटली. पण वीज मंडळाची थकबाकी वाढत गेली, बिले वसूल करण्याचे धैर्य निवडून येणाऱ्या संचालकांना झाले नाही, आणि २०११ साली संस्थेचा परवाना जाऊन तिचे क्षेत्र महावितरणकडे आले. ती संस्था वीज विकत घेऊन वाटत होती, स्वतः निर्माण करीत नव्हती, हा फरक महत्त्वाचा आहे. पण तेवढ्याने धडा टळत नाही. आपल्या साखर कारखान्यांचाही अनुभव असाच दुहेरी आहे. वसमतच्या पूर्णा कारखान्यासारख्या संस्थांनी ऊस उत्पादकाला आधार दिला हे खरे, परंतु ज्याला शेत आहे त्याला भाग, ज्याला भाग आहे त्याला मत, आणि ज्याच्या हातात कोयता आहे तो मात्र बाहेर, ही सहकाराची वर्गीय मर्यादा आपण अनेक वर्षे सांगत आलो आहोत. उन्हाच्या बाबतीत ती चूक पुन्हा करावयाची नसेल तर मालकी जमिनीच्या प्रमाणात असता कामा नये. ती ग्रामसभेची असावी. तीत भूमिहीनाचे आणि बागायतदाराचे मत एकच राहते, निदान कायद्याने तरी.

मागणी अगदी साधी ठेवावी असे वाटते. गायरानावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाच्या विक्रीच्या उत्पन्नातला दहावा हिस्सा पंचवीस वर्षे ग्रामसभेला मिळावा. वरच्या हिशेबाने मेगावॅटमागे वर्षाला साडेचार लाख रुपये होतात. शासनाचे अनुदान आणि एक रुपया भाडे यांच्या मोबदल्यात ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. तसेच, कसणाऱ्या भूमिहीनाचे अतिक्रमण नियमित केल्यावाचून गायरानाच्या एकाही गटाचा ताबा कंपनीला देऊ नये. डेन्मार्कने २००९ साली असा नियम केला होता, की नव्या पवनचक्कीच्या मालकीचा किमान पाचवा भाग परिसरातील रहिवाशांना विकत घेण्यासाठी देऊ केलाच पाहिजे. तो नियम तेथे २०२० साली बदलला, कारण प्रामुख्याने ऐपतदारच भाग घेत होते. म्हणून आपण विकत घेण्याचा हक्क मागू नये, हिस्सा मागावा. गरिबाला विकत घेण्याचा हक्क देणे म्हणजे उपाशी माणसाच्या हाती खानावळीचे दरपत्रक देणे होय.

दुसरा मुद्दा स्वतंत्र सौरपंपांचा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना २०२४ पासून चालू आहे. शेतकऱ्याने दहा टक्के रक्कम भरावयाची, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के, बाकी अनुदान आणि शासनाच्या जबाबदारीवरचे कर्ज. ज्या वाडीपर्यंत तार गेलेलीच नाही तेथे हे वरदान आहे. परंतु जेथे वाहिनी आहे तेथेही पंपच गळ्यात मारला जात असेल तर त्याला आपला आक्षेप असावा. वाहिनीवरची सौर वीज एकाची गरज संपली की दुसऱ्याकडे वाहते. शेतातल्या एकट्या पंपाच्या पाट्या मात्र पाणी द्यावयाचे नसेल त्या दिवशी नुसत्या तापत बसतात. शिवाय वीज मंडळाविरुद्ध शेतकऱ्यांची जी सामुदायिक शक्ती होती ती यातून विखुरते. वाहिनी बंद पडली तर गाव एक होऊन उपकेंद्रावर जातो, एकाचा पंप बंद पडला तर तो एकटाच कंपनीच्या दूरध्वनीवर बोटे झिजवतो. आणखी एक धोका भूजलाचा आहे. आपला जिल्हा काळ्या पाषाणावर वसलेला. त्याच्या भेगांत मावते तेवढेच पाणी. उन्हाला मीटर नाही म्हणून ते सरसकट उपसले गेले तर हंगाम संपण्यापूर्वी विहिरी कोरड्या पडतील आणि मोठ्याची कूपनलिका लहानाचा झरा पिऊन टाकील. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे वीज मोफत केल्यानेही हा प्रश्न सुटत नाही, उलट चिघळतो. आपण 'वीजबिल माफ करा' ही घोषणा इतकी वर्षे दिली, की पाण्याच्या समान वाटपाची घोषणा द्यावयास विसरलो. हा दोष आपला आहे.

या सगळ्या चर्चेत वीज म्हणजेच ऊर्जा असे समजण्याची चूक होते. हिंगोली ही हळदीची भूमी आहे. वसमतच्या हळदीला अलीकडेच भौगोलिक मानांकन मिळाले, हिंगोलीच्या संत नामदेव मोंढ्यात हंगामात हळदीच्या राशी लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढली की ती शिजवावी लागते. पूर्वी मोठ्या काहिलीत, आता ट्रॅक्टरवरून शेतोशेत फिरणाऱ्या कुकरमध्ये वाफेवर शिजवतात. पण खाली जळते ते लाकूडच. तुराट्या आणि पऱ्हाट्या असतात, कमी पडले की बांधावरचे बाभळीचे खोड तुटते. धुरात आणि वाफेत तासन् तास उभ्या राहणाऱ्या मजुरांत बायांचा भरणा मोठा. नंतर दहा-पंधरा दिवस हळद उन्हात पसरलेली असते आणि त्याच दिवसांत हल्ली अवकाळी पाऊस हटकून येतो. भिजलेल्या हळदीचा रंग जातो आणि रंगाबरोबर भाव जातो. जिल्ह्यातल्या या सर्वांत मोठ्या ऊर्जा-प्रश्नाचा कोणत्याही ऊर्जा-धोरणात उल्लेख नाही. सूर्याच्या उष्णतेने वाफ करणारी, गावात सामायिक राहील अशी भट्टी आणि सामायिक सुकवणीगृह हे काही चंद्रावर जाण्याइतके अवघड काम नव्हे. वसमतला हळद संशोधन केंद्र स्थापन झालेले आहे. पहिले काम म्हणून त्याने हे हाती घ्यावे, अशी मागणी हळद उत्पादक आणि हळद मजूर यांनी एकत्र केली पाहिजे. डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा जो आग्रह धरला त्याचा अर्थ चरख्याकडे परत जाणे असा नव्हता. गावच्या माणसाला चालविता, दुरुस्त करता आणि मालकीने ठेवता येईल असे यंत्र, हा त्याचा अर्थ होता.

युरोपकडे पुन्हा एकदा वळतो, कारण तेथल्या दोन घटना विसरून चालणार नाही. फ्रान्सच्या सरकारने हवामानाच्या नावाने इंधनावरचा कर वाढविण्याचे ठरविले. श्रीमंतांवरचा संपत्तीकर त्याच सरकारने थोडे आधी जवळजवळ काढून टाकला होता. शहरापासून लांब राहणारा, कामावर जाण्यासाठी जुन्या मोटारीवर अवलंबून असलेला माणूस २०१८ च्या नोव्हेंबरात पिवळे जाकीट घालून चौकात उतरला आणि सरकारला करवाढ मागे घ्यावी लागली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात स्पेनच्या समाजवादी सरकारने खाण कामगारांच्या संघटनांशी करार केला. तोट्यातील कोळसा खाणी बंद होतील, पण कामगारांना मुदतपूर्व निवृत्तिवेतन आणि नवे प्रशिक्षण मिळेल, खाणींच्या प्रदेशात २५ कोटी युरो गुंतविले जातील. जर्मनीने २०२० साली कोळसा सोडण्याचा कायदा केला तेव्हा कोळशाच्या प्रदेशांसाठी ४० अब्ज युरोपर्यंतची तरतूद त्यासोबत ठेवली. परळीचे जुने संच एकामागून एक निकाली निघाले. त्यांच्यावर जगणाऱ्या कंत्राटी कामगारांसाठी, राखेच्या वाहतुकीवर पोट असलेल्यांसाठी असा एखादा निधी कोणी जाहीर केल्याचे ऐकिवात नाही. किंबहुना त्यांच्यासाठी तशी मागणीही आपण केली नाही.

युरोपचा दुटोंडीपणाही नजरेआड करू नये. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि रशियन वायू आटला, तेव्हा जर्मनीने बंद ठेवलेले कोळशाचे संच पुन्हा पेटविले. युरोपने जगाच्या बाजारातला द्रवरूप वायू वाटेल त्या भावाने उचलला आणि पाकिस्तान-बांगलादेशची गावे अंधारात राहिली. आता १ जानेवारी २०२६ पासून पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खते यांच्या आयातीवर युरोपच्या सीमेवर कार्बनचा आकार लागू झाला आहे. शतकभर ज्यांनी धूर सोडला ते आता धुराचा जकातनाका बांधून बसले आहेत. या आकारातून जमणारा पैसा गरीब देशांच्या ऊर्जा-परिवर्तनाला मिळाला पाहिजे, ही मागणी भारताने आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर लावून धरणे योग्यच होईल. परंतु युरोपकडे न्याय मागणाऱ्या सरकारने सेनगावच्या भूमिहीनाला न्याय नाकारावा, हे चालणार नाही.

महाराष्ट्राला परक्या भांडवलाच्या विजेचा अनुभवही आहे. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाशी १९९३ साली वीजखरेदीचा करार झाला, तेव्हा मृणालताई गोरे आणि इतर साथींनी करारातली कलमे वाचून दाखविली. त्यांना विकासविरोधी ठरविण्यात आले. २००१ साली मंडळाला ती वीज परवडेनाशी झाली आणि प्रकल्प बंद पडला. त्या लढ्याचे बळ घोषणांत नव्हते, करार वाचण्यात होते. आज तालुक्यातल्या किती कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या सौर प्रकल्पाचा करार पाहिला आहे?

आपल्याच प्रदेशात साठ वर्षांपूर्वी एक वेगळी वाट चोखाळली गेली होती, तिची आठवण येथे करावीशी वाटते. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे झाली, तेव्हा येलदरीच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच बसविण्यात आले. विजेसाठी सोडलेले पाणी खाली सिद्धेश्वरला अडवावयाचे आणि कालव्यांनी शेतीला द्यावयाचे, अशी ती जोडयोजना होती. धूर नाही, राख नाही, आणि मालकी सार्वजनिक. धरणाखाली ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना न्याय मिळाला असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण वीज आणि पाणी यांचा एकत्र विचार आणि सार्वजनिक मालकी ही गोष्ट नेहरूकालीन अभियंत्यांना सुचली होती. आज ती नवी म्हणून मांडावी लागते.

येत्या १ मे रोजी ग्रामसभा होतील. कामगार दिन, महाराष्ट्र दिन आणि आपल्या हिंगोली जिल्ह्याचा, १९९९ साली परभणीतून वेगळे झाल्याचा, वर्धापनदिनही तोच. पाचही तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनी त्यापूर्वी आपापल्या उपकेंद्राच्या पाच-दहा किलोमीटरच्या परिसरातील गायरानाचे गट क्रमांक काढावेत. प्रत्येक गटावर प्रत्यक्ष कोण कसतो, कोणाची गुरे चरतात, याची यादी तांड्यावर आणि वस्तीवर बसून करावी, तलाठ्याच्या नोंदीवर विसंबू नये. प्रकल्प मंजूर असेल तेथे कराराची प्रत माहितीच्या अधिकारात मागवावी. आणि ग्रामसभेत एकच ठराव मांडावा, की कसणाऱ्याची नोंद झाल्यावाचून ताबा नाही, उत्पन्नात हिस्सा असल्यावाचून ना-हरकत नाही. सरपंच तो घेणार नाही म्हणाला तर इतिवृत्तात तसे लिहून घ्यावे. यादी, ठरावाची प्रत आणि इतिवृत्त जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, पेरणीची धांदल सुरू होण्यापूर्वी, जिल्हा कचेरीत पोहोचावे.